ध्वनिक्षेपकाच्या जोडणीसाठी तारेची निवड : बीड जिल्ह्यातील घरे व महाविद्यालयीन सभागृहे यांच्या संदर्भात

प्रस्तावना

घरातील स्टिरिओ असो वा महाविद्यालयाचे सभागृह, ध्वनियंत्रणा खरेदी करताना ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा आणि स्पीकर कोणत्या कंपनीचे असावेत, याविषयी पुष्कळ चर्चा होते. या दोहोंना जोडणाऱ्या तारेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. दरपत्रकाच्या शेवटच्या ओळीत 'वायर व इतर किरकोळ साहित्य' असा मोघम उल्लेख असतो. तारेचा आकार किती, धातू कोणता, लांबी किती, याविषयी खरेदी समितीही विचारत नाही आणि विक्रेताही सांगत नाही. याच्या अगदी उलट टोकाला असलेली प्रवृत्ती महानगरांतील शौकिनांमध्ये आढळते. तेथे तारेच्या एका जोडीसाठी स्पीकरइतकी किंमत मोजणारे व त्यामुळे सुरांना 'गोडवा' येतो असे मानणारे लोक आहेत. दुर्लक्ष आणि अतिरेक या दोन्हींचे मूळ एकच आहे : तार नेमके कोणते कार्य करते याची स्पष्ट कल्पना नसणे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. जिल्ह्यातील अकराही तालुक्यांत गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतात. कीर्तन-प्रवचनांचा श्रोतृवर्ग मोठा आहे. अंबाजोगाईतील यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहासारख्या सोहळ्यांत शास्त्रीय गायन-वादनाची परंपरा जोपासली गेली आहे. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर यांचे आपेगाव याच अंबाजोगाई तालुक्यातील. महाविद्यालयांमध्ये व्याख्यानमाला, चर्चासत्रे व स्नेहसंमेलने होतात आणि शेवटच्या रांगेतील विद्यार्थ्याला वक्त्याचे शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक सभागृहात ऐकावयास मिळते. या तक्रारीचे खापर बहुधा ॲम्प्लिफायरवर फुटते आणि अधिक वॅटचा नवा ॲम्प्लिफायर आणला जातो. दोष अनेकदा तारेत असतो. प्रस्तुत लेखात तारेच्या निवडीमागील भौतिकशास्त्रीय तत्त्वे, बाजारातील प्रत्यक्ष स्थिती आणि निवडीचा हिशेब यांचा विचार केला आहे.

तारेचे कार्य आणि तिचा रोध

ॲम्प्लिफायरकडून येणारा विद्युत संकेत कमीत कमी घट होऊन स्पीकरपर्यंत पोहोचविणे एवढेच तारेचे कार्य होय. ती ध्वनीत काही भर घालू शकत नाही. फार तर काही कमी करू शकते. ही घट मुख्यतः तारेच्या रोधामुळे होते. रोध हा लांबीच्या सम प्रमाणात व छेदक्षेत्राच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे अकरावी-बारावीच्या पाठ्यपुस्तकातील सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते. मात्र दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली अशी की विद्युतधारा एका तारेने जाते व दुसरीने परत येते; म्हणून स्पीकर १० मीटर अंतरावर असेल तर हिशेबात २० मीटर तार धरावी लागते. दुसरी अशी की तारेचा रोध स्वतंत्रपणे लहान वा मोठा नसतो, तो स्पीकरच्या संरोधाच्या तुलनेत पाहावा लागतो. अर्धा ओहम हा रोध घरातील दिव्याच्या जोडणीत नगण्य आहे. ४ ओहमच्या स्पीकरपुढे तो आठव्या हिश्शाइतका मोठा ठरतो.

भारतीय मानक आयएस ८१३० नुसार लवचीक तांब्याच्या तारेचा २० अंश सेल्सिअस तापमानावरील कमाल रोध निश्चित केलेला आहे. दर किलोमीटरमागे तो ०.५ चौरस मिलिमीटर तारेसाठी ३९ ओहम, ०.७५ साठी २६, १ साठी १९.५, १.५ साठी १३.३, २.५ साठी ७.९८ आणि ४ चौरस मिलिमीटरसाठी ४.९५ ओहम आहे. पुढील सर्व हिशेब या आकड्यांवर आधारलेला आहे. बीडसारख्या उष्ण जिल्ह्यात त्यात थोडी भर घालावी लागते. तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छताखालून गेलेली तार ४५ अंशांपर्यंत तापली तर तिचा रोध जवळजवळ १० टक्क्यांनी वाढलेला असतो.

रोधाचा परिणाम केवळ आवाज कमी होण्यापुरता नसतो. स्पीकरवर '८ ओहम' असे छापलेले असले तरी त्याचा संरोध सर्व वारंवारतांना सारखा नसतो. एखाद्या स्पीकरचा संरोध काही वारंवारतांना ६ ओहमपर्यंत खाली येतो, तर खर्जातील अनुस्पंदनाच्या ठिकाणी तो ३० ओहमपर्यंतही चढतो. तारेचा रोध ०.७८ ओहम असेल तर पहिल्या ठिकाणी ध्वनीची पातळी सुमारे १.१ डेसिबलने घटते, दुसऱ्या ठिकाणी केवळ ०.२ डेसिबलने. म्हणजे सर्व स्वर सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत, त्यांचे परस्परांतील प्रमाण बदलते. बारीक तारेने जोडलेला चांगला स्पीकर 'बदललेला' वाटतो, तो या कारणाने.

स्पीकरच्या शंकूवरील नियंत्रणाचा म्हणजे अवमंदनाचा मुद्दाही येथेच येतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर कणकेचा गोळा थापलेला असतो. त्यामुळे त्या बाजूचा नाद खोल होतो. असा नाद स्पीकरवर ऐकताना थाप संपताच शंकू थांबला पाहिजे. तो हेलकावत राहिला तर बोल एकमेकांत मिसळतात. शंकूला थांबविण्याचे काम ॲम्प्लिफायर आपल्या अल्प अंतर्गत रोधाच्या साहाय्याने करतो आणि तारेचा रोध मध्ये आला की हे नियंत्रण सैल होते. मात्र या बाबतीत जाहिरातींतील मोठमोठ्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. ॲम्प्लिफायरचा अवमंदन गुणांक २०० असल्याचे सांगितले जाते, तेव्हा ८ ओहमच्या स्पीकरसाठी त्याचा अर्थ ०.०४ ओहम अंतर्गत रोध एवढाच होतो. १० मीटरपर्यंत नेलेल्या १.५ चौरस मिलिमीटर तारेचा ०.२६६ ओहम रोध त्यात मिळविताच हा गुणांक २६ वर येतो. ही घसरण भयंकर दिसते खरी. परंतु स्पीकरमधील वेटोळ्याचा स्वतःचाच रोध ६ ओहमच्या आसपास असल्याने प्रत्यक्ष नियंत्रणात फारसा फरक पडत नाही. तारेचा रोध एक-दोन ओहमपर्यंत गेला तर मात्र तो कानाला जाणवू लागतो.

बाजारातील आकारांची भाषा

तार खरेदी करणाऱ्याची पहिली अडचण परिभाषेची असते. दुकानात 'एक एमएमची द्या', 'अडीच एमएमची द्या' असे म्हटले जाते. येथे एमएम हा शब्द चौरस मिलिमीटर या अर्थाने वापरला जातो, व्यासाच्या अर्थाने नव्हे. २.५ चौरस मिलिमीटर छेदक्षेत्राच्या एकसंध तारेचा व्यास केवळ १.७८ मिलिमीटर असतो. आवरणासह तारेची जाडी मोजून छेदक्षेत्राचा अंदाज बांधणे तर पूर्णपणे फसवे आहे. स्वस्त तारांमध्ये आवरण जाड आणि तांबे बारीक असते.

जुन्या कारागिरांची भाषा वेगळी आहे. 'तेवीस छत्तीस', 'चाळीस छहात्तर', 'चौदा अडतीस' हे शब्द आजही ऐकू येतात. त्यांतील पहिला आकडा तारेतील बारीक धाग्यांची संख्या सांगतो. दुसरा आकडा प्रत्येक धाग्याच्या जाडीचा असतो : ३६ म्हणजे ब्रिटिश मापनपद्धतीतील ३६ गेज, आणि ७६ म्हणजे ०.००७६ इंच. गंमत अशी की ३६ गेज आणि ०.००७६ इंच ही एकाच जाडीची दोन नावे आहेत; दोन्हींचा अर्थ ०.१९३ मिलिमीटर. त्यामुळे २३/३६ आणि २३/७६ यांत काहीच फरक नाही. या हिशेबाने २३/७६ चे छेदक्षेत्र सुमारे ०.६७ चौरस मिलिमीटर, ४०/७६ चे सुमारे १.१७ आणि ७०/७६ चे सुमारे २.०५ भरते. १४/३८ मात्र फारच बारीक, म्हणजे सुमारे ०.२५ चौरस मिलिमीटर होय. तयार 'होम थिएटर' संचासोबत येणारी तार बहुधा याच वर्गातील असते. आयएस ६९४ या मानकानुसार बनविलेल्या आजच्या तारांवर १६/०.२, २४/०.२ किंवा ३२/०.२ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ०.२ मिलिमीटर व्यासाचे तितके धागे असा घ्यावा. या तारा अनुक्रमे ०.५, ०.७५ व १ चौरस मिलिमीटरच्या होत.

परदेशी पुस्तकांतील व उपकरणांच्या माहितीपत्रकांतील अमेरिकन गेज ही तिसरी पद्धत. तेथे आकडा वाढला की तार बारीक होते. १८ गेज सुमारे ०.८२, १६ गेज १.३१, १४ गेज २.०८ आणि १२ गेज ३.३१ चौरस मिलिमीटर असते. माहितीपत्रकात १६ गेज सुचविलेले असेल तर आपल्याकडील १.५ चौरस मिलिमीटरची तार त्याहून किंचित सरसच ठरते.

घरातील स्टिरिओसाठी हिशेब

तारेचा एकूण रोध स्पीकरच्या संरोधाच्या ५ टक्क्यांहून अधिक नसावा, हा ध्वनितंत्रज्ञांमध्ये रूढ असलेला एक सोपा दंडक आहे. या मर्यादेत ध्वनीची घट सुमारे ०.४ डेसिबल होते. पातळीतील साधारण एक डेसिबलचा फरक सामान्य श्रोत्याच्या कानाला जेमतेम कळतो, हे लक्षात घेता हा दंडक पुरेसा कडक आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी त्यानुसार जाण्या-येण्याच्या तारेचा मिळून ०.४ ओहम रोध चालतो. म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरची तार सुमारे साडेसात मीटर अंतरापर्यंत, १ ची १० मीटरपर्यंत, १.५ ची १५ मीटरपर्यंत, २.५ ची २५ मीटरपर्यंत आणि ४ ची ४० मीटरपर्यंत वापरता येते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ही सर्व अंतरे निम्मी करावी लागतात.

सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरातील बैठकीच्या खोलीत ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत तारेची लांबी, भिंतीच्या कडेने फिरवून नेली तरी, पाच-सहा मीटरहून अधिक होत नाही. तेव्हा ८ ओहमच्या स्पीकरसाठी १ चौरस मिलिमीटरची आणि ४ ओहमच्या स्पीकरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी दुहेरी लवचीक तार पूर्णपणे पुरेशी आहे. घरगुती वायरिंगसाठी कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळणारी प्रमाणित तारही चालते. मात्र वायरिंगच्या दोन सुट्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. दूर-दूर ठेवल्यास त्यांचे प्रेरकत्व वाढते आणि अतितार स्वरांत थोडी घट येते.

डाव्या व उजव्या स्पीकरच्या तारा समान लांबीच्याच हव्यात, असा एक समज दृढ आहे. वेळेच्या दृष्टीने त्यात तथ्य नाही. तारेतील संकेत प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने जातो. पाच मीटरच्या फरकाने होणारा विलंब कोणत्याही कानाला कळणे अशक्य आहे. रोध समान राहावा म्हणून लांबी समान ठेवण्यास अर्थ आहे खरा, परंतु तार पुरेशी जाड असेल तर तेही आवश्यक राहत नाही.

सभागृह : शेवटची रांग का ऐकत नाही

सभागृहातील चित्र वेगळे असते. ॲम्प्लिफायर व्यासपीठाच्या बाजूच्या खोलीत असतो. तार भिंतीवरून, दारांच्या चौकटींवरून फिरत मागील भिंतीवरील स्पीकरपर्यंत जाते. ४० मीटर लांबी सहज होते, म्हणजे हिशेबात ८० मीटर. ही तार ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध २.०८ ओहम भरतो. ८ ओहमचा एकच स्पीकर जोडलेला असल्यास त्याला मिळणारी शक्ती अपेक्षेच्या ६३ टक्के राहते. प्रत्यक्षात मात्र मागील भिंतीवर दोन स्पीकर एकाच तारेवर समांतर जोडलेले असतात. त्यांचा एकत्रित संरोध ४ ओहम होतो आणि शक्ती ४३ टक्क्यांवर येते. निम्म्याहून अधिक शक्ती कमी झाली, ही घट सुमारे ३.६ डेसिबलची. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असती तर ७४ टक्के शक्ती मिळाली असती.

३.६ डेसिबल ही घट संगीताच्या मैफलीत सहन होईल, व्याख्यानात ती महाग पडते. मराठी व्यंजनांपैकी स, श, थ, फ यांसारखे वर्ण मुळातच क्षीण असतात. छताचे आठ-दहा पंखे पूर्ण वेगाने फिरत असताना हेच वर्ण प्रथम बुडतात आणि शब्द अर्धवट पोहोचतो. मागून 'आवाज वाढवा' असा पुकारा होतो. आवाज वाढविताच पुढील रांगेतील श्रोते कान झाकतात, मायक्रोफोन शिट्टी घालू लागतो आणि ॲम्प्लिफायर आपल्या मर्यादेपलीकडे ढकलला जाऊन विकृत संकेत देऊ लागतो. उच्च स्वरांचे लहान स्पीकर जळतात ते बहुधा अशाच वेळी. नंतर दुरुस्तीचे देयक येते, परंतु तारेकडे कोणी पाहत नाही.

येथे आणखी एक विपरीत गोष्ट घडते. चार-चार स्पीकर समांतर जोडून एकत्रित संरोध २ ओहमवर आणलेला असतो. ॲम्प्लिफायरला एवढा भार सोसवत नाही. परंतु बारीक तारेचा दोन ओहम रोध मध्ये असल्याने त्याला तो ४ ओहमचा भासतो आणि यंत्रणा कशीबशी चालत राहते. पुढे कोणीतरी सद्हेतूने जाड तार बसवितो आणि पहिल्याच कार्यक्रमात ॲम्प्लिफायर बंद पडतो किंवा जळतो. 'जुनी तारच चांगली होती' असा निष्कर्ष काढून सर्व पूर्ववत केले जाते. वस्तुतः जुन्या तारेने जोडणीतील चूक झाकून ठेवलेली असते. म्हणून तार बदलण्यापूर्वी स्पीकरचा एकत्रित संरोध काढणे अनिवार्य आहे.

शंभर व्होल्टची वाहिनी

लांब अंतराच्या या समस्येवर उत्तर शोधण्यासाठी बीड जिल्ह्यातील प्राध्यापकास फार दूर जावे लागत नाही. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातून वीज बाहेर पाठविताना तिचा दाब रोहित्राच्या साहाय्याने लक्षावधी व्होल्टपर्यंत चढविला जातो. तेवढ्याच शक्तीसाठी दाब वाढविला की धारा कमी होते आणि तारेतील घट धारेच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. सार्वजनिक ध्वनियंत्रणेतील '१०० व्होल्ट लाइन' ही याच तत्त्वाची लहान प्रतिकृती होय. ॲम्प्लिफायरमधील रोहित्र संकेताचा दाब पूर्ण शक्तीच्या वेळी १०० व्होल्टपर्यंत चढविते. प्रत्येक स्पीकरच्या मागे बसविलेले छोटे रोहित्र तो पुन्हा उतरविते.

१०० वॅट शक्ती अशा वाहिनीवरून नेताना धारा केवळ १ अँपिअर असते आणि संपूर्ण भाराचा संरोध १०० ओहम होतो. वरच्या उदाहरणातील २.०८ ओहम रोधाची तीच बारीक तार येथे वापरली तर शक्तीतील घट सुमारे ४ टक्के, म्हणजे ०.२ डेसिबलहून कमी भरते. तार बदलली नाही, अंतर बदलले नाही. केवळ जोडणीची पद्धत बदलली. आपल्याकडे सार्वजनिक कार्यक्रमांसाठी मिळणाऱ्या बहुतेक ॲम्प्लिफायरच्या मागील बाजूस १०० व्होल्ट, ७० व्होल्ट आणि ४, ८, १६ ओहम असे वेगवेगळे जोडबिंदू असतात. पहिल्या दोन बिंदूंचा वापर अनेक ठिकाणी कधीच होत नाही. या पद्धतीत प्रत्येक स्पीकरने किती वॅट घ्यावेत हे त्याच्या रोहित्रावर ठरविता येते. त्या सर्वांची बेरीज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेहून अधिक होऊ दिली नाही म्हणजे झाले.

या सोयीची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. स्वस्त रोहित्रे खर्जाचे स्वर नीट पोहोचवीत नाहीत. व्याख्यानासाठी त्याने बिघडत नाही, पखवाज-तबल्याच्या मैफलीसाठी मात्र ती अपुरी पडतात. सभागृहात दोन्ही प्रकारचे कार्यक्रम होत असतील तर व्यासपीठाजवळील मुख्य स्पीकर जाड व आखूड तारेने थेट जोडावेत आणि मागील भागासाठी १०० व्होल्टची स्वतंत्र वाहिनी ठेवावी, हा मार्ग व्यवहार्य दिसतो. दुसरी किंमत सुरक्षिततेची. १०० व्होल्टचा संकेत झटका देऊ शकतो. म्हणून या तारा उघड्या सांध्यांनी, चिकटपट्टी गुंडाळून चालणार नाहीत. त्यांना वीजवाहक तारांचेच नियम लावावेत. मंडपात स्पीकरच्या तारांना घरगुती विजेच्या दोन पिनांचा प्लग लावण्याची प्रथा तर तत्काळ बंद व्हावयास हवी. अंधारात तो प्लग २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेल्यास स्पीकर जळतोच, माणसाच्या जिवालाही धोका उद्भवतो.

स्पीकर अनेक आणि प्रत्येकाचा आवाज मर्यादित, अशी रचना ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० यांच्याशीही सुसंगत आहे. या नियमांनुसार शैक्षणिक संस्थेभोवतीचे किमान १०० मीटरचे क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते. एका कोपऱ्यातील कर्ण्यावर सारा भार टाकून परिसर दणाणून सोडण्यापेक्षा श्रोत्याजवळचा मंद स्पीकर अधिक स्पष्ट ऐकू येतो.

तांबे की तांब्याचा मुलामा

गेल्या काही वर्षांत तारेच्या बाजारात एक नवा घटक आला आहे. ॲल्युमिनियमच्या धाग्यावर तांब्याचा पातळ थर चढवून बनविलेली तार, व्यापारी भाषेत 'सीसीए', ही दिसावयास हुबेहूब तांब्यासारखी असते. तीत तांब्याचे प्रमाण आकारमानाने १० ते १५ टक्के असते आणि विद्युतवहनक्षमता शुद्ध तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे २.५ चौरस मिलिमीटरची अशी तार सुमारे १.६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याएवढेच काम करते. ॲल्युमिनियम स्वतः वाईट धातू नव्हे. परळीहून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्याच असतात, कारण तेथे हलकेपणा महत्त्वाचा असतो. आक्षेप आहे तो तांबे म्हणून ॲल्युमिनियम विकण्याला. शिवाय या तारेचे धागे वाकविताना लवकर तुटतात, स्क्रूखाली दाबल्यावर कालांतराने सैल होतात आणि थर खरवडला गेला तर सांधा गंजतो.

ही फसवणूक ओळखणे कठीण नाही. धाग्याचा छेद ब्लेडने तिरपा घेऊन भिंगाखाली पाहिल्यास आतील पांढरा धातू दिसतो. ज्योतीत धरल्यास ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळून धागा गळून पडतो. तांबे १०८५ अंशांपर्यंत वितळत नाही. सर्वांत खात्रीची व सोपी कसोटी वजनाची. २.५ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर गुंडाळीत, आवरण वगळून, सुमारे २ किलो तांबे असावयास हवे. मुलामा दिलेल्या तारेत धातूचे वजन ८०० ग्रॅमच्या आसपास भरते. गुंडाळी हातात घेताच हा फरक जाणवतो.

महाविद्यालयांना तर याहून अचूक साधन उपलब्ध आहे. साध्या मल्टिमीटरने एक ओहमच्या आसपासचा रोध विश्वासाने मोजता येत नाही, कारण त्याच्या जोडतारांचाच रोध त्यात मिसळतो. पदार्थविज्ञान विभागातील मीटर सेतू किंवा कॅरी फॉस्टर सेतू यांवर मात्र हे मापन सहज होते. १ चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर तांब्याच्या गुंडाळीचा रोध २० अंशांवर १.७६ ओहमपेक्षा अधिक भरता कामा नये, १.५ साठी ही मर्यादा १.२ ओहम व २.५ साठी ०.७२ ओहम आहे. खोलीचे तापमान नोंदवून त्याप्रमाणे दुरुस्ती केली की निर्णय स्पष्ट होतो. मुलामा दिलेली तार असो, धागे कमी घातलेली असो वा लांबी कमी भरलेली असो, या एका मापनात काही ना काही विसंगती दिसतेच. फक्त रोध अपेक्षेपेक्षा कमी आला म्हणून लगेच आनंद मानू नये. गुंडाळी ९० ऐवजी ८० मीटरचीही असू शकते. पदवीच्या विद्यार्थ्यांना ठरावीक प्रयोगाऐवजी संस्थेने खरेदी केलेल्या तारेचे परीक्षण करावयास दिले, तर प्रयोगही होतो आणि भांडार विभागाचे कामही.

महागड्या तारांविषयीचे दावे

'ऑक्सिजनमुक्त तांबे' हा शब्द तारेच्या वेष्टनावर ठळकपणे छापलेला आढळतो. असे तांबे असते, परंतु त्याची वहनक्षमता विद्युत उपयोगाच्या नेहमीच्या तांब्याहून फार तर एक टक्क्याने अधिक असते. तार एक टक्का जाड घेतली की तेवढाच लाभ होतो. उच्च वारंवारतेची धारा वाहकाच्या पृष्ठभागाकडे सरकते, हा दुसरा युक्तिवाद. तो तत्त्वतः बरोबर आहे; परंतु तांब्यात २० किलोहर्ट्झला हा थर सुमारे ०.४७ मिलिमीटर खोल असतो आणि येथे चर्चिलेल्या आकारांच्या तारांत त्यामुळे होणारी घट नगण्य राहते.

१९८३ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी केलेल्या श्रवणचाचण्या प्रसिद्ध झाल्या. कोणती तार जोडली आहे हे श्रोत्यांना न सांगता त्या घेतल्या होत्या. अतिशय बारीक, २४ गेजची तार आणि जाड तार यांतील फरक गोंगाटसदृश संकेतावर ओळखला गेला. परंतु दिव्यासाठी वापरली जाणारी साधी १६ गेजची तार व महाग तार यांची पातळी समान केल्यावर संगीत ऐकताना त्यांत भेद करता आला नाही. बारीकपणा कळतो, किंमत कळत नाही, असा या चाचण्यांचा आशय सांगता येईल.

जोडणीतील काळजी

योग्य तार घेऊनही जोडणी ढिली राहिल्यास सर्व हिशेब व्यर्थ ठरतो. गंजलेल्या स्क्रूखालील सांधा एकटाच अर्धा ओहम रोध निर्माण करू शकतो. धाग्यांची टोके पीळ देऊन, लग्जमध्ये घट्ट दाबून मगच स्क्रूखाली घ्यावीत. एखादा सुटा धागा शेजारच्या बिंदूला टेकला तर ॲम्प्लिफायर क्षणात निकामी होतो. मध्येच सांधे न करता तार अखंड न्यावी. उंदरांचा उपद्रव असलेल्या जुन्या इमारतींत ती पीव्हीसी नळीतून न्यावी. मायक्रोफोनची तार मात्र जाळीचे आवरण असलेलीच हवी आणि ती विजेच्या तारांपासून दूर असावी. स्पीकरच्या तारेला या बाबतीत फारसे भय नसते.

धन व ऋण टोके दोन्ही स्पीकरना एकाच क्रमाने जोडणे अत्यावश्यक आहे. एकाची उलट झाली तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्जाचे स्वर परस्परांना मारतात. श्रोत्याला आवाज पोकळ वाटतो, कारण मात्र सापडत नाही. लाल-काळ्या तारेत ही चूक टळते. एकरंगी तारेत बहुधा एका बाजूस उंचवटा किंवा रेघ असते. तीही नसेल तर १.५ व्होल्टचा सेल क्षणभर तारेच्या टोकांना लावून पाहावा : सेलचे धन टोक स्पीकरच्या धन बिंदूशी जोडले गेले असेल तर शंकू बाहेर येतो. रोहित्र असलेल्या १०० व्होल्टच्या स्पीकरवर ही कसोटी रोहित्राच्या अलीकडून करता येत नाही. तेथे तारेच्या दोन्ही टोकांना खुणेच्या पट्ट्या लावूनच काम करावे लागते. जोडणी पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाहिनीची लांबी, छेदक्षेत्र, त्यावरील स्पीकरची संख्या आणि एकूण संरोध यांची नोंद ॲम्प्लिफायरच्या कपाटाच्या दारामागे चिकटवून ठेवावी. वाहिनीच्या दोन्ही टोकांस हातभर जादा तार सोडावी, कारण तांब्याची उघडी टोके काही वर्षांत काळवंडतात आणि ती कापून नवी करावी लागतात.